‘ङ’ने सुरू होणारी गाय

वर्णमाला शिकताना ‘ङ’पाशी आपण सगळेच थबकलो आहोत. त्या अक्षराने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत मात्र आहे, आणि तोही थेट गोठ्यातला: ‘ङोम्बे’ म्हणजे गाय. ‘गंगा’ म्हणता म्हणता अनुस्वारावर थांबा आणि जीभ तिथेच ठेवून पुढचे ‘ओम्बे’ म्हणून पाहा.

स्वाहिली बांटू कुळातली. या कुळात सुमारे ५०० भाषा आहेत, आणि त्यांचे बोलणारे आपल्या दारी येऊन गेले आहेत. १८६४ मध्ये शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनबरोबर मुंबईत आलेला चुमा हा याओ ही बांटू भाषा बोलणारा मुलगा इथल्या मिशनच्या शाळेत शिकला. नाशिकच्या शरणपुरात गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुले वाढली. त्या मुलांच्या भाषाकुळाची ओळख मराठीत करून देणे म्हणूनच मला घरचे काम वाटते. बहुतेक बांटू भाषांत सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो. स्वाहिलीत तसे होत नाही, तेव्हा नवख्याने याच दारातून आत यावे.

या पुस्तकाच्या वाचकांनी सुरुवात रोमन स्पेलिंगपासून न करता कानापासून करावी. मुंबईच्या उपनगरात राहत असाल तर फार लांब जावे लागणार नाही. स्वाहिलीतही वडिलांना ‘बाबा’ म्हणतात, पण ते दोन्ही ‘ब’ आत ओढलेले असतात: ओठ मिटलेले असताना कंठ किंचित खाली उतरतो. असा ‘ब’ सिंधीत आणि कच्छीत आहे. मुलुंड कॉलनीतल्या एखाद्या सिंधी आजींना आकडे मोजायला सांगा. ‘दोन’पाशी तो ऐकू येईल. आपली ‘गाडी’ स्वाहिलीत ‘गारी’ झाली, याचेही नवल वाटायला नको. वेसाव्याच्या कोळीवाड्यात ‘होडी’ची ‘होरी’ होतेच. दोन स्वरांमधला आपला ‘ड’ जीभ झटकून उच्चारला जातो, त्यामुळे तो मुळातच ‘र’च्या शेजारचा.

खरी कसोटी ‘म्तु’ या शब्दाची. अर्थ ‘माणूस’, अनेकवचन ‘वातु’. इथला ‘म्’ कुठल्याही स्वराचा आधार न घेता स्वतःच शब्दाचा एक पूर्ण अवयव (सिलॅबल) होतो, आणि आघातही त्याच्यावरच पडतो, कारण स्वाहिलीत आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अवयवावर असतो. तुम्हाला ‘मतु’ किंवा ‘उम्तु’ म्हणावेसे वाटेल. तसे न करता ओठ मिटून क्षणभर गुणगुणा, मग ‘तु’ सोडा. पहिले प्रकरण याच ‘म्’पासून सुरू केले आहे.