गालिचा उलटा करून बघा

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका चुकीबद्दल लिहितेय. चूक माझीच आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येईल.

माझ्या प्रबंधाचा विषय आहे एकोणिसाव्या शतकातला तागाचा व्यापार आणि तागाचा घरगुती वापर. गेल्या वर्षी दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा गाईड मॅडमकडे दिला. त्यात अमेरिकेतल्या हाताने केलेल्या लोकरी गालिच्यांवर चार पानं होती. एका लिलावाच्या माहितीपत्रकातला फोटो मी वापरला होता आणि त्याखालची ओळ जशीच्या तशी उचलली होती: न्यू इंग्लंड, अठराव्या शतकाची अखेर. या एका ओळीवर मी केवढा डोलारा उभा केला होता! स्वयंपूर्ण शेतकरी घर, घरच्या मेंढ्या, घरीच कातलेली लोकर, बाजाराशी फारसा संबंध नाही, वगैरे. मॅडमनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, "खाली काय आहे?"

मला वाटलं, फोटोच्या खाली. दोन दिवसांनी ट्यूब पेटली. गालिच्याच्या खाली, म्हणजे लोकर ज्या कापडावर बसवली आहे ते कापड कोणतं, असं त्या विचारत होत्या. माहितीपत्रकात पुढच्याच ओळीत लिहिलं होतं: गोणपाटावर काम. माझी चारही पानं तिथेच कोसळली. का, ते समजण्यासाठी आधी हे काम कसं करतात ते बघू.

या कामाला रग हुकिंग म्हणतात. चौकटीवर एक जाडंभरडं कापड ताणून बसवायचं. जुन्या लोकरी कपड्यांच्या अरुंद पट्ट्या कापायच्या. एका हाताने पट्टी कापडाच्या खालून धरायची, दुसऱ्या हाताने वरून आकडा आत घालायचा आणि पट्टीचा छोटा फास वर ओढून घ्यायचा. मग शेजारच्या भोकातून पुढचा फास. यात गाठ नाही, टाकाही नाही. फास जागच्या जागी राहतात ते फक्त दाटीमुळे आणि कापडाच्या धाग्यांनी धरून ठेवल्यामुळे. म्हणून खालचं कापड कसं आहे यावर सगळं अवलंबून असतं. ते विरळ हवं, नाहीतर आकडा आतच जात नाही. मजबूत हवं, नाहीतर ओढताना फाटतं. शिवाय स्वस्त हवं, कारण हे गरिबाघरचं काम.

गोणपाटात हे तिन्ही गुण आहेत. त्याआधी तिथल्या बायका घट्ट विणीच्या तागेतर कापडावर, मुख्यतः जवसाच्या धाग्याच्या लिननवर, सुईने लोकर शिवून गालिचे करत. ते तंत्र वेगळं आणि त्याचा काळही आधीचा, साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. जोएल आणि केट कॉप यांच्या १९७५ च्या पुस्तकात सुईने शिवलेले आणि आकड्याने ओढलेले गालिचे वेगवेगळे ठेवले आहेत. हा फरक मी वाचला होता, टिपूनही ठेवला होता. स्वतःच्या फोटोला मात्र लावला नव्हता.

आता गोणपाट आला कुठून? ताग बंगालचा. त्याचा धागा कडक, यंत्रावर तुटायचा. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात तो व्हेलच्या तेलाने आणि पाण्याने मऊ करून यंत्रावर कातण्याची युक्ती १८३० च्या दशकात जमली. पुढे क्रिमियन युद्धामुळे (१८५३ ते १८५६) रशियाकडून येणाऱ्या जवसाच्या धाग्याची अडचण झाली आणि डंडीचा तागाचा धंदा आणखी वाढला. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे हुगळीकाठी ताग कातण्याची गिरणी निघाली. धान्य, कॉफी, पशुखाद्य, सगळंच पोत्यांतून जगभर फिरू लागलं. रिकामं पोतं उसवून धुतलं की आयतं कापड तयार! अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आकड्याचे गालिचे पसरले ते याच सुमारास, शतकाच्या मध्यावर.

म्हणजे ज्या गालिच्याचे फास गोणपाटातून ओढलेले आहेत, तो १७९० चा असूच शकत नाही. ही फक्त साठेक वर्षांची चूक नव्हती, माझा निष्कर्षच उलटा होता. जी वस्तू मी बाजारापासून दूर असलेल्या घराची खूण म्हणून दाखवत होते, तिच्याखाली बंगालच्या शेतकऱ्याचा ताग होता, तो गिरणीत कातला-विणला गेला होता आणि आगबोटीने नाहीतर शिडाच्या जहाजाने तिथवर पोचला होता. हाताने केलेली वस्तू कारखान्यामुळेच शक्य झाली होती.

मग माहितीपत्रकात तसं का लिहिलं होतं? मुद्दाम फसवलं असेल असं मी म्हणणार नाही. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली, तेव्हापासून तिथे 'वसाहतकाळातलं साधं घर' या कल्पनेचं आकर्षण वाढत गेलं. घराघरांत 'आमच्या पणजीच्या आईने केलेला' अशा गोष्टी तयार झाल्या. जुनं म्हटलं की किंमतही वाढते. अशा आठवणी हेसुद्धा साधनच आहे, पण त्या वस्तूच्या काळाबद्दल कमी आणि आठवण सांगणाऱ्याच्या काळाबद्दल जास्त बोलतात.

आता तुमच्या कामाचं. वस्तूवरून काळ ठरवताना तीन गोष्टी सांभाळा.

पहिली: साहित्यावरून 'याच्या आधीचं नाही' एवढंच कळतं. गोणपाट आहे म्हणून गालिचा १८५० चाच, असं नाही. तो १९२० चाही असू शकतो.

दुसरी: मागचं कापड मूळचंच आहे ना, ते तपासा. कधीकधी जुन्या कामाला मागून नवं अस्तर शिवतात. फास त्या कापडातून आरपार गेलेत का, हे बघायला हवं.

तिसरी: नक्षीवर फार विसंबू नका. मेन राज्यातल्या बिडफर्डचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा फेरीवाला १८६८ च्या सुमारास धातूच्या पत्र्याचे छाप कापून गोणपाटावर तयार नक्षी उमटवून विकू लागला. १८७६ साली त्याने धंदा विकला, पण त्याच्या नक्ष्या पुढे कितीतरी वर्षं चालू राहिल्या. एकच सिंह दोन पिढ्यांच्या गालिच्यांवर सापडतो.

आणि एक प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर मागच्या बाजूलाही मिळत नाही: हे केलं कुणी? न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या कोळी वस्त्यांत बायका पूर्वीपासून असे गालिचे करत. डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल १८९२ मध्ये तिथे वैद्यकीय कामासाठी गेले. १९०६ मध्ये जेसी ल्यूथर तिथे पोचल्या आणि हस्तकलेच्या कामाला शिस्तीचं रूप आलं. पुढे वापरलेले रेशमी पायमोजे मागवून, रंगवून त्यांचे बारीक फास ओढले जाऊ लागले. कुत्र्यांच्या घसरगाड्या, पांढरी अस्वलं, बर्फातली घरं अशी चित्रं. मासेमारीत हाती फारसं न लागलेल्या घरात या कामाच्या मोबदल्यातून कपडे आणि किराणा येत असे. गालिच्याच्या मागे चिठ्ठी असते ती मात्र संस्थेच्या नावाची. जिने महिना-महिना वाकून ते फास ओढले, तिचं नाव बहुतेक वेळा नसतं. बंगालात गुडघाभर पाण्यात उभं राहून ताग सोलणाऱ्याचं तर कुठेच नसतं. माझ्या नव्या मसुद्यात हे प्रकरण आता या दोघांपासून सुरू होतं.

शेवटी एक छोटा सराव. घरातली जुनी गोधडी काढा. आजी म्हणेल, माझ्या लग्नाच्या आधीची. ते लिहून घ्या, पुसू नका. मग एकेक तुकडा बघा: सुती लुगडं, छापील चीट, एखादी नायलॉनची साडी. सगळ्यांत नवा तुकडा कोणता, तो ठरवा. तो आरपार शिवलाय की नंतर लावलेलं ठिगळ आहे, ते उलट बाजूने तपासा. मग परत आजीकडे जा आणि विचारा, ही साडी कुणाची होती? काळ तुम्हाला कापडावरून कळेल. नाव मात्र तिलाच विचारावं लागेल, आणि ते ती आहे तोवरच.