स्वशासन आणि प्रवेशाचा अधिकार : उत्तर मारियाना बेटांवरील अमेरिकन आप्रवासन कायद्याचा विस्तार

प्रस्तावना :

अमेरिकन संघराज्याचे अध्यापन करताना आपण सामान्यतः पन्नास घटकराज्यांपाशी थांबतो. राज्य नसलेल्या प्रदेशांच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते. वस्तुतः केंद्रसत्ता आणि स्वशासन यांचा संबंध कसोटीला लागतो तो याच प्रदेशांत. पश्चिम पॅसिफिक महासागरातील उत्तर मारियाना बेटांवर अमेरिकेचा आप्रवासन कायदा दि. २८ नोव्हेंबर २००९ रोजी लागू झाला. तोपर्यंत कोणत्या परदेशी व्यक्तीस बेटांवर येऊ द्यावयाचे, याचा निर्णय बेटांचे स्वतःचे सरकार घेत असे. हा अधिकार त्यांना का मिळाला व तो का गेला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कलम ५०३ ची पार्श्वभूमी :

सायपान, टिनियन आणि रोटा ही या द्वीपसमूहातील प्रमुख बेटे होत. चामोरो आणि कॅरोलिनियन हे येथील मूळ समाज. स्पेनने १८९९ मध्ये ही बेटे जर्मनीस विकली, १९१४ मध्ये ती जपानने घेतली आणि १९४४ च्या भीषण लढाईनंतर ती अमेरिकेच्या ताब्यात गेली. १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली अमेरिकेने त्यांचा कारभार पाहिला. या सत्तांतरांपैकी जपानी कालखंड येथे विशेष महत्त्वाचा आहे. ऊसशेती व साखर कारखान्यांसाठी जपानी व ओकिनावन लोक इतक्या संख्येने आले, की १९३० च्या दशकात स्थानिक लोक आपल्याच बेटांवर अल्पसंख्य झाले.

ही आठवण ज्यांच्या पिढीत जिवंत होती, त्यांनीच अमेरिकेशी वाटाघाटी केल्या. १५ फेब्रुवारी १९७५ रोजी ‘कव्हेनंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारनाम्यावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच वर्षी जून महिन्यात झालेल्या सार्वमतात सुमारे ७९ टक्के मतदारांनी त्यास संमती दिली. त्यातील दोन तरतुदी एकत्र वाचावयास हव्यात. कलम ८०५ अन्वये जमिनीची कायमस्वरूपी मालकी स्थानिक वंशाच्या व्यक्तींपुरती राखली गेली. कलम ५०३ अन्वये अमेरिकेचे आप्रवासन व किमान वेतनविषयक कायदे बेटांस लागू होणार नव्हते. लहान समाज बाहेरच्या लोंढ्यात बुडू नये, हा आप्रवासनविषयक सवलतीचा हेतू. मात्र विश्वस्त व्यवस्था संपल्यावर अमेरिकन काँग्रेसला हे कायदे लागू करता येतील, असेही त्याच कलमात नमूद होते. म्हणजे ढाल दिली गेली, पण ती परत मागण्याचा हक्क राखून!

ढालीचे दार झाले :

१९७८ मध्ये बेटांचे घटनात्मक सरकार अस्तित्वात आले. पुढे जे घडले ते करारनाम्याच्या हेतूच्या नेमके उलट होते. बेटांवर शिवलेले कपडे अमेरिकेत जकात व कोटा यांविना जात आणि त्यांवर ‘मेड इन यूएसए’ अशी चिठ्ठी लागत असे. किमान वेतन कमी, आणि कामगार हवे तितके आणण्याची मुभा स्थानिक सरकारच्या हाती. चीन, फिलिपिन्स, बांगलादेश आदी देशांतून कामगार आले. त्यांपैकी अनेकांनी भरतीसाठी दलालांना कर्ज काढून पैसे दिले होते. १९८० मध्ये १६,७८० असलेली लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ६९,२२१ झाली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक लोक अमेरिकेचे नागरिक नव्हते. जपानी काळात परकी सत्तेने जे केले, ते या वेळी स्वशासनाच्याच अधिकारातून घडले. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील सर्वांत बोचणारी बाब हीच होय.

यात वॉशिंग्टन निर्दोष होते असे मुळीच नाही. २००० मध्ये सिनेटने संमत केलेले कायदाविस्ताराचे विधेयक प्रतिनिधीगृहात अडले. ते अडवण्यासाठी बेटांच्या सरकारने ज्याची सेवा घेतली होती, तो जॅक अब्रामॉफ हा मध्यस्थ पुढे २००६ मध्ये अन्य प्रकरणांत दोषी ठरला. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक वस्त्रोद्योगातील कोटा पद्धती संपली आणि सायपानचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. २००९ च्या प्रारंभी शेवटचा कारखानाही बंद झाला. म्हणजे ज्या उद्योगाच्या गैरप्रकारांमुळे कायद्याची मागणी झाली, तो उद्योग कायदा येण्यापूर्वीच संपला होता.

२००८ चा कायदा व न्यायालयीन लढा :

८ मे २००८ रोजी संमत झालेल्या कायद्याने आप्रवासनाचा अधिकार केंद्राकडे घेतला. त्याच कायद्याने बेटांना प्रतिनिधीगृहात मताधिकार नसलेला एक प्रतिनिधीही दिला. स्वतःचा अधिकार जाताना सभागृहात बोलण्यास बेटांचा कोणी नव्हता. तो गेल्यावर आसन मिळाले. गव्हर्नर बेनिग्नो फितियाल यांच्या सरकारने वॉशिंग्टन येथील जिल्हा न्यायालयात दाद मागितली. २५ नोव्हेंबर २००९ रोजी न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी कायद्यास दिलेले आव्हान फेटाळले. कलम ५०३ च्या शब्दांपुढे दुसरा निर्णय संभवतही नव्हता. परंतु लोकांच्या हरकती न मागवता काढलेल्या कामगार-परवान्याच्या नियमास त्यांनी स्थगिती दिली. परिणामी तीन दिवसांनी कायदा लागू झाला, पण परदेशी कामगारांसाठीचा संक्रमणकालीन परवाना प्रत्यक्षात नव्हता. स्थानिक सरकारने घाईने दिलेल्या दोन वर्षांच्या परवान्यांवर लोक राहिले. अंतिम नियम सप्टेंबर २०११ मध्ये निघाला.

संक्रमणकाळ मुळात २०१४ अखेर संपावयाचा होता. तो प्रथम २०१९ पर्यंत आणि २०१८ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत वाढवण्यात आला. हॉटेले, बांधकाम, रुग्णालये यांना परदेशी हातांवाचून चालत नाही, ही त्यामागील साधी वस्तुस्थिती. २०२० मध्ये लोकसंख्या ४७,३२९ पर्यंत उतरली होती.

या सर्व व्यवहारात ज्यांना कोणी पक्षकार मानले नाही, ते म्हणजे वर्षानुवर्षे राहिलेले कामगार. दर वर्षी नूतनीकरण होणाऱ्या करारावर त्यांनी वीस-वीस वर्षे काढली. बेटांवर जन्मलेली त्यांची मुले जन्मानेच अमेरिकन नागरिक, आईवडील मात्र परवानाधारक. त्यांच्यापैकी काही गटांना जून २०१९ च्या कायद्याने दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा मिळाला. त्या दर्जाने उत्तर मारियाना बेटांवर राहता येते व काम करता येते. शेजारच्या ग्वाममध्ये मात्र त्याच्या आधारे वास्तव्य करता येत नाही.