प्रतिभेसाठी प्रार्थना

प्रतिभा ही देवाची देणगी, असे आपण सहज म्हणतो. पण ती मागण्यासाठी कुणी हात जोडल्याचे क्वचितच ऐकिवात येते. अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर (१९२५-१९६४) यांनी ते केले. आयोवा विद्यापीठात लेखनाचे शिक्षण घेताना, १९४६-४७ साली, त्या एका साध्या वहीत देवाला उद्देशून लिहीत. आपल्या हातून चांगले लेखन घडावे, ही याचना तीत वारंवार येते. ही वही २०१३ साली प्रसिद्ध झाली.

ज्या ल्युपसने १९४१ साली वडिलांना नेले, त्याच आजाराने पंचविशीत त्यांना गाठले. जॉर्जियातील मिलेजव्हिलनजीकच्या शेतावर त्या आईजवळ परतल्या. सकाळी मिस्सा, मग दोन-तीन तास टंकलेखन यंत्रापुढे बैठक. सुचो वा न सुचो. पुढे कुबड्या आल्या, तरी हा क्रम त्यांनी शक्यतो मोडला नाही. (मोर पाळण्याचा नादही सोडला नाही!) त्यांच्या समग्र कथांना १९७२ साली मरणोत्तर राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार लाभला.

मात्र येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोऱ्यांच्या अहंतेचे कथांतून वाभाडे काढणारी ही लेखिका खाजगी पत्रांत कधी कधी त्याच अहंतेच्या भाषेत बोलली. २०२० साली मेरीलँडच्या येशूसंघीय लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाचे त्यांचे नाव काढून तेथे कृष्णवर्णीय फ्रान्सिस्कन धर्मभगिनी थिया बोमन यांचे नाव दिले. आम्हांला तो निर्णय पटतो. कथा मात्र आम्ही पुन्हा वाचतोच.