धुराचा रंग

पुणे-सातारा रस्त्यावर, नीरा ओलांडायच्या अलीकडं आमचं सारोळे. एका अंगाला पुणे, दुसऱ्या अंगाला सातारा. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी 1922 साली इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुण्याजवळ खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. मोटेच्या जागी डिझेल इंजिनं आली, तशी ही दोन्ही नावं शेतकऱ्याच्या तोंडी बसली.

मोट फाटली तर गावातच शिवून मिळायची. इंजिन भर उन्हाळ्यात बंद पडलं, तर मिस्त्री येईस्तोवर पीक थोडंच थांबणार? म्हणून माणसं इंजिनाची नाडी बघायला शिकली. जुनी माणसं सांगायची, "आधी डिझेल बघ, मग हवा बघ. इंजिन खोलायचं ते शेवटी."

हँडल मारताना हाताला जोर लागला नाही, की समजायचं दाब गळतोय. व्हॉल्व्ह नाहीतर पिस्टनच्या रिंगा. टाकीत डिझेल असून इंजिन पेट घेईना, तर नळीत हवा धरलेली. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की आवळायचा.

चालू इंजिनाचं दुखणं धूर सांगायचा. काळा धूर म्हणजे हवा कमी नाहीतर बोजा जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढराच धूर, तर डिझेल नीट जळत नाही, किंवा आत पाणी शिरलंय.

एक दुखणं मात्र इंजिनाचं नव्हतंच. इंजिन झकास चालायचं आणि पंप पाणी सोडायचा. फूटव्हॉल्व्ह ठीक असला, तरी विहिरीचं पाणी खाली गेल्यावर हे व्हायचंच. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या जिवावर; वीस-बावीस फुटांच्या पुढं तो दमतो. मग लोक इंजिनच विहिरीत टप्प्यावर उतरवायचे. तिथं मोठा धोका होता. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. विहिरीत तो साचला, की खाली गेलेला माणूस हाक न मारताच कोसळायचा, आणि त्याला काढायला धावून उतरणाराही. वाकडी दिसली तरी सायलेन्सरची नळी विहिरीबाहेर काढणं, यातच शहाणपण होतं.

पुढं वीज आली, मोटारी बसल्या. आता बांधाबांधावर गवत कापायची पेट्रोल मशीन घुमतात. पावसाळ्यानंतर टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरात चिकट होतं, मग पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखतो. त्या वेळी प्लग काढून बघावा. कोरडा असला तर पेट्रोल पोचत नाही. ओला असला तर ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल जास्त झालंय. आणि टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरलात, तर पिस्टन धरलाच म्हणून समजा.

यंत्रं बदलली, पण दुखणं ओळखायची रीत तीच आहे. आधी बघा, ऐका, हुंगा. पाना त्यानंतर.