विहीर-बोअरचे पाणी: दूषित कसे होते, सुरक्षित कसे ठेवावे?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब, उलट्या आणि कावीळ यांचे रुग्ण वाढतात. "पाणी कुठले पिता?" असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते: "आमच्या विहिरीचे. अगदी काचेसारखे स्वच्छ आहे, डॉक्टर." पण पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते सुरक्षित असतेच असे नाही. जुलाब, विषमज्वर किंवा काविळीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वासही नसतो आणि चवही नसते.

हा लेख विहीर, बोअर किंवा हातपंपाचे पाणी पिणाऱ्या सर्व कुटुंबांसाठी आहे. उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचे जिते गाव आणि त्याचा परिसर घेतला आहे.

भूजल दूषित कसे होते?

जमिनीत मुरणारे पाणी मातीच्या थरांतून गाळले जाते, म्हणून भूजल शुद्ध असते असा समज आहे. माती जाड असेल तिथे हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण आपल्याकडे मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ आहे. त्याखाली मुरूम आणि भेगा असलेला काळा कातळ असतो. भेगेतून जाणारे पाणी गाळले जात नाही, ते थेट विहिरीत उतरते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात खोल गेलेली भूजलाची पातळी जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीच्या अगदी जवळ येते. शौचालयाच्या शोषखड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यात एरवी काही फूट कोरडी जमीन असते, ती आता उरत नाही. मैला थेट भूजलात मिसळू शकतो. त्यातच गोठ्याचे आणि अंगणाचे पाणी कठडा नसलेल्या विहिरीत वाहून येते.

कोणते आजार होतात?

- जुलाब, आव, पटकी (कॉलरा)
- विषमज्वर (टायफॉईड)
- हेपेटायटिस ए आणि ई ही कावीळ. हेपेटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फार धोकादायक असते. या काळात लागण झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. घरात गरोदर स्त्री असेल तर तिला उकळलेलेच पाणी द्या.
- क्वचित, जुलाबानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी हातापायांतील शक्ती जाणे (गिया-बारे सिंड्रोम, जीबीएस). जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याचे अनेक रुग्ण आढळले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि परिसरातील विहिरींचे पाणी तपासणीखाली आले.

विहीर आणि बोअर कसे जपावे?

पाणी शुद्ध करण्याआधी ते दूषित होऊ न देणे महत्त्वाचे आहे.

- शौचालय, शोषखड्डा, गोठा आणि उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर (५० फूट) दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. कातळाला भेगा असतील तर हे अंतर आणखी वाढवावे.
- विहिरीला सुमारे ७० ते ७५ सेंटीमीटर उंच कठडा असावा. वरून किमान ६ मीटरपर्यंत आतील बांधकाम पक्के असावे, म्हणजे वरच्या थरातील पाणी झिरपत नाही.
- विहिरीभोवती किमान १ मीटर रुंद सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली करावी.
- विहिरीवर जाळी किंवा झाकण बसवावे. कपडे धुणे, गुरे धुणे तिथे नको. पिण्याच्या विहिरीत निर्माल्य टाकू नये आणि मूर्तीचे विसर्जन करू नये.
- बोअरचा केसिंग पाईप जमिनीच्या वर असावा, त्याचे तोंड बंद असावे आणि भोवती काँक्रीट असावे.
- बंद पडलेल्या विहिरीत किंवा बोअरमध्ये कचरा, सांडपाणी सोडू नये. ती घाण शेजारच्या विहिरीत पोहोचू शकते.

टीसीएल पावडर किती आणि कशी टाकावी?

सार्वजनिक विहिरीत टीसीएल टाकण्याचे काम ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात. खासगी विहिरीची काळजी मात्र मालकालाच घ्यावी लागते.

आधी विहिरीतले पाणी मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल आहे. मग ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे सुमारे २८,००० लिटर पाणी झाले.

स्वच्छ पाण्यासाठी १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम ताजी टीसीएल लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. पावसाळ्यात पाणी गढूळ असल्यास साधारण दुप्पट लागू शकते.

१. पावडर वजन करून प्लास्टिकच्या बादलीत घ्या. नाकावर रुमाल बांधा.
२. थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा.
३. ५ ते १० मिनिटे थांबा. चुना तळाशी बसतो.
४. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. चुना विहिरीत टाकू नका.
५. ती बादली दोरीने विहिरीत सोडून वर-खाली हलवा.
६. किमान एक तास पाणी उपसू नका. रात्री टाकणे सोयीचे.

त्यानंतर ओटी टेस्ट करा. पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. रंग आलाच नाही तर मात्रा कमी पडली किंवा पावडर जुनी आहे. टीसीएल हवाबंद डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा.

घरात काय करावे?

- पाणी खळखळून उकळू द्या. उकळी किमान १ मिनिट टिकली पाहिजे. त्याच भांड्यात झाकून थंड करा.
- क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या वापरत असाल तर पाकिटावरील प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा.
- तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीनंतरही उकळणे किंवा क्लोरीन आवश्यक आहे.
- पाणी काढायला दांड्याचे ओगराळे वापरा.

उकळून जे जात नाही

खारेपाटात किंवा खाडीजवळ बोअरमधून फार उपसा केला की खारे पाणी आत ओढले जाते. उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटून ते वाढते. नायट्रेट आणि फ्लोराईडचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जास्त असल्यास त्या पाण्यात कालवलेले दूध बाटलीने पिणाऱ्या तान्ह्या बाळांना धोका असतो. पाणी खारट लागत असेल आणि घरात रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील, तर पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधा आणि डॉक्टरांना सांगा.

पाणी कुठे तपासावे?

ग्रामपंचायत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. एच२एस बाटलीची चाचणी सोपी आहे: पाणी भरून उबदार जागी ठेवलेली बाटली एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाणी दूषित समजावे. रासायनिक तपासणी शासकीय पाणी प्रयोगशाळेत होते. पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षातून दोनदा तपासणी करा. आपल्या ग्रामपंचायतीला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, हेही ग्रामसभेत विचारा. लाल म्हणजे जास्त धोका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

जुलाब सुरू होताच ओआरएस द्या: एक पाकीट, १ लिटर सुरक्षित पाणी. बाळाचे स्तनपान चालू ठेवा. पुढील लक्षणे दिसल्यास ताबडतोब दवाखाना गाठा:

- सहा तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त होणे
- तांदळाच्या पेजेसारखे भरपूर जुलाब
- शौचातून रक्त किंवा तीव्र ताप
- डोळे पिवळे होणे, विशेषतः गरोदर स्त्रीमध्ये
- जुलाबानंतर पायांना मुंग्या, अशक्तपणा, उठता न येणे

एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर आशाताईंना लगेच कळवा. रुग्णांवर उपचार करतानाच विहीरही तपासायला हवी. नाही तर औषध घेऊन बरा झालेला रुग्ण घरी जाऊन पुन्हा तेच पाणी पितो.