पायाखालची फरशी आली कुठून?

मागच्या भागात आपण कौलांबद्दल बोललो. आज मान खाली घालून पायाखालची फरशी पाहू या.

विषय माझ्याच घरातून निघाला. निवृत्तीनंतर मी इंदूरला घर बांधलं. तिथल्या जुन्या घरांत सगळीकडे कोटा फरशी. खाणी शेजारच्या राजस्थानात, त्यामुळे माल सहज मिळणारा. पण मला ती सरकारी कचेरीसारखी वाटली. मी घरभर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवून घेतली. आई पाहून म्हणाली, "अरे, ही जमीन आहे की आरसा?" आम्ही सगळे हसलो. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या पडवीत पाय घसरून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. मुक्काम पोस्ट बदलताना मी आधी जमिनीची पाहणी करायचो, आणि स्वतःच्या घरात मात्र विसरलो. तेव्हापासून फरशीचा इतिहास शोधू लागलो.

माझं बालपण सोलापूरचं. अंगणात शहाबादी, आत शेणाने सारवलेली जमीन. सारवलेल्या जमिनीचं हल्ली फार कौतुक होतं. उन्हाळ्यात ती थंड असते हे खरं. पण दर चार-आठ दिवसांनी ओणवं होऊन ती सारवायची कोणी? आईने ते वर्षानुवर्षं केलं. स्वयंपाकघरात शहाबादी आली, त्या दिवशी तिने शेजाऱ्यांना पेढे वाटले होते.

ही शहाबादी मूळची आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. हा चुनखडीचा दगड थरांमध्येच सापडतो. छिन्नी लावून थर सुटा केला, की सपाट लादी तयार. पण दगड जड. बैलगाडीने तो किती लांब नेणार? म्हणून पूर्वी ज्याच्या गावाजवळ जो दगड, तीच त्याची जमीन. मकराण्याचा संगमरवर ताजमहालासाठी आग्र्यापर्यंत गेला, पण तो बादशहाचा खर्च होता.

हे चित्र बदललं रेल्वेने. १८७१ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, शहाबाद, वाडी करत रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला. शहाबाद थेट या मार्गावर. मग ही लादी मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली आणि चाळीच्या मोरीपासून वाड्याच्या चौकापर्यंत पसरली. फौजेत आम्ही म्हणतो, रसदीचा मार्ग पाहा म्हणजे लढाई कळते. फरशीचंही तसंच आहे.

पुढचा टप्पा सिमेंटचा. श्रीमंतांच्या घरांत तेव्हा नक्षीदार टाइल विलायतेहून बोटीने येत. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं आणि १९२२ साली सिधवा या पारशी कुटुंबाने भारत टाइल्सचा कारखाना काढला. प्रेरणा स्वदेशीची. या टाइलला भट्टी लागत नाही. साच्यात नक्षीची जाळी ठेवून रंगीत सिमेंट ओतायचं, त्यावर साधं सिमेंट-वाळू घालून यंत्राने दाबायचं, मग पाण्यात मुरवायचं. जुन्या मुंबईच्या इमारतींत अशी फुलं आजही पायाखाली दिसतात. तमिळनाडूत चेट्टिनाडला अत्तंगुडी गावी अशीच टाइल काचेवर ओतून हाताने करतात. केरळात आणि बंगालात टाइलच्या भानगडीत न पडता सिमेंटमध्ये लाल रंग मिसळून अखंड जमीन घोटली गेली. कण्णूरला एका जुन्या घरात मी ती पाहिली. वर्षानुवर्षं पुसून आणि चालून तिला तकाकी आली होती.

स्वातंत्र्यानंतर फ्लॅट वाढले, तशी संगमरवराचे तुकडे घातलेली मोझॅक लादी आली. आपल्यापैकी अनेकांचं बालपण तिच्यावरच गेलं. आणि आता गुजरातेतलं मोरबी. एके काळी कौलं आणि भिंतीवरची घड्याळं करणारं हे गाव आज देशाला टाइल पुरवतं. माती बाराशे अंशांच्या आसपास भाजल्यामुळे व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही. डाग पडत नाहीत, सारवणं नाही, पॉलिश नाही. आईच्या पिढीने ज्या कष्टातून सुटका मागितली, ती इथे मिळाली. म्हणून मी या टाइलला दोष देत नाही. दोष माझ्या निवडीचा.

पूर्वी रसदीचा मार्ग निवड करून द्यायचा. आज गुवाहाटीपासून कोचीपर्यंत एकच टाइल ट्रकने पोहोचते. म्हणजे विचार आपल्यालाच करायला हवा. त्या जमिनीवर कोण चालणार, ती ओली किती राहणार आणि ती पुसणार कोण, हे आधी विचारा. दुकानात टाइलच्या नमुन्यावर पाणी ओता आणि अनवाणी पाय दाबून पाहा. न घसरण्याचा दर्जा आर ९ ते आर १३ असा दिलेला असतो. आकडा वाढला की पकड वाढते. न्हाणीघर आणि पडवीसाठी वरचा आकडा घ्या. कोटा, शहाबादी किंवा संगमरवर लावलात तर त्यावर ॲसिड टाकू नका. हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, ॲसिड त्यांना खातं.

शस्त्रक्रियेनंतर आई घरी येण्याआधी मी पडवीची आणि न्हाणीघराची टाइल उखडून बिनपॉलिशची कोटा बसवली. बैठकीतली चकचकीत टाइल तशीच आहे. वॉकर घेऊन आई पडवीत आली, पाय घासून पाहिला आणि म्हणाली, "ही आपल्या अंगणासारखी आहे रे." खर्च दुप्पट झाला, पण ती पुन्हा एकटी पडवीत जाऊ लागली.

पुढच्या भागात पाहू, घराचा उंबरठा. तोवर जपून चाला. जय हिंद.