टाळेबंदी आणि बीडचा कोयता

महामारीतील निर्बंधांचा हिशेब मांडताना आपण बहुधा दोनच रकाने आखतो: वाचलेले जीव आणि बुडालेला पैसा. बीड जिल्ह्यातून पाहताना मला तिसरा रकाना आवश्यक वाटतो. ही किंमत कोणाच्या नावावर पडली?

24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. तेव्हा गाळप हंगाम सरत आला होता. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या तळांवर होत्या. आदेश होता, घरातच राहा. त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी; खरे घर, म्हातारे आईबाप आणि कित्येकांची लेकरे दूर गावात. साखर जीवनावश्यक ठरल्याने कारखाने बंद झाले नाहीत. कामाला मुभा होती, घरी जायला नव्हती. या विसंगतीतच निर्बंधांचा सारा इतिहास आहे, असे मला वाटते. 17 एप्रिलला राज्य सरकारने आरोग्य तपासणी करून मजुरांना गावी सोडण्याचा आदेश काढला, तेव्हा 38 कारखान्यांच्या तळांवर सुमारे 1 लाख 31 हजार माणसे असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळ त्यांनी तसाच काढला.

ज्या कायद्याने राज्याने हे निर्बंध घातले, तो 1897 चा साथरोग कायदा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगसाठी लष्कराकरवी घरझडत्या झाल्या, माणसे छावण्यांत नेली गेली. 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हा कायदा इथे लागू नव्हता. पुण्यातल्या अनुभवाचा धडा मात्र आपलाही आहे. लोकांचा विश्वास गमावला की लोक रोगी लपवतात, आणि साथ आणखी पसरते. पुढे इंग्रज सरकारलाही सक्ती सैल करून लसीकरणासारख्या उपायांवर भर द्यावा लागला.

मग निर्बंध नकोतच का? तसे म्हणता येत नाही. 2021 च्या मार्चअखेर बीडमध्ये जिल्हाभर दहा दिवसांची टाळेबंदी झाली. तरी एप्रिलमध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून 22 मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात नेले गेले. साथ खोटी नव्हती, भीतीही खोटी नव्हती. पण टाळेबंदी रोग बरा करत नाही. ती फक्त वेळ मिळवून देते. त्या वेळात खाटा, प्राणवायू, रुग्णवाहिका उभ्या राहिल्या नाहीत, तर लोकांनी सोसलेली उपासमार वाया जाते.

निर्बंध किती दिवस टिकतील हे आदेशाच्या भाषेवर नव्हे, घरातल्या धान्याच्या कणगीवर ठरते. पगारदाराला टाळेबंदी महिनोन्‌महिने परवडते. उचल घेऊन राबणाऱ्याची बाकी मात्र थांबत नाही. न झालेली तोड पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. 2020 च्या ऑक्टोबरात दरवाढीची बोलणी होऊन सरासरी 14 टक्के वाढ ठरली आणि कोयते पुन्हा निघाले. साथ तेव्हा संपलेली नव्हती.

पुढची साथ येईल तेव्हा पहिला प्रश्न 'किती दिवस बंद' हा नसावा. बंद असताना कोणाला कोण पोसणार, आणि अडकलेल्याला घरी कोण पोहोचवणार, हे आधी ठरावे. तेवढे ठरले, तर निर्बंध लोक स्वतःहून पाळतील.